व्यवसायांतराची वाट आणि विद्यापीठाचा उंबरठा : घणसोलीच्या निमित्ताने एक आढावा

प्रश्न कोठे उभा राहतो

ठाणे-बेलापूर रस्ता आणि लोहमार्ग ओलांडून खाडीच्या बाजूस वळले की जुन्या घणसोली गावाची दाट वस्ती लागते. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर पिढ्यान्‌पिढ्या निर्वाह करणाऱ्या आगरी-कोळी समाजाचे हे गाव, १७ मार्च १९७० रोजी सिडको या शहरनियोजन महामंडळाची स्थापना झाल्यानंतर ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ज्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी संपादित झाल्या, त्यांपैकी एक होय. जमिनीबरोबर परंपरागत व्यवसायही गेला, आणि ज्या पिढीने हा बदल प्रथम सोसला तिने लोहमार्गाच्या पूर्वेकडील औद्योगिक पट्ट्यातील रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांत, बहुधा खालच्या श्रेणीत, चाकरी पत्करली. पुढे त्या कारखान्यांपैकी अनेक बंद पडले किंवा अन्यत्र गेले, त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची काचेची संकुले उभी राहिली, आणि ज्या चाकरीस दहावी पुरत असे तिच्या जागी पदवी मागणारी चाकरी आली.

या मूळ गावकऱ्यांच्या शेजारीच, घणसोली आणि कोपरखैरणे येथील वसाहतींत, वाशीच्या घाऊक बाजारपेठेत ओझी वाहणारे माथाडी कामगार आणि त्यांची आता कर्ती झालेली मुले राहतात. त्यांच्यापलीकडे, नव्या इमारतींत, संगणकाच्या पडद्यासमोर रात्रपाळ्या करणारा आणि पस्तिशीतच आपल्या कौशल्याची मुदत संपत आल्याची धास्ती बाळगणारा सुशिक्षित मध्यमवर्ग राहतो. या तिन्ही समूहांत आज एक प्रश्न समान आहे : संसार मांडून झाल्यावर, दहा-पंधरा वर्षे एखादे काम करून झाल्यावर, त्या कामाऐवजी दुसरा व्यवसाय धरावयाचा असेल तर विद्यापीठाच्या दारात पुन्हा उभे राहता येते काय, आणि राहता आले तरी त्यातून काही हाती लागते काय?

ब्रिटनमध्ये पहिल्या पदवीसाठी २१ वर्षांनंतर प्रवेश घेणाऱ्यास प्रौढ विद्यार्थी अशा वेगळ्या वर्गात गणले जाते. आपल्याकडील प्रवेशाच्या नियमावलींत असा वर्ग नाही. प्रस्तुत आढाव्यापुरते, ‘प्रौढ विद्यार्थी’ म्हणजे शिक्षणात बराच खंड पडलेली, दरम्यान नोकरी, धंदा किंवा घर सांभाळलेली, आणि आता निराळ्या व्यवसायाच्या हेतूने पदवीस अर्ज करू इच्छिणारी व्यक्ती, एवढाच अर्थ आम्ही गृहीत धरतो.

पूर्वपीठिका

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये आपल्या राहत्या घरी शेतकरी आणि मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हाच दिवसा श्रम करणाऱ्याच्या सोयीने शिक्षणाची वेळ ठरवावी हे तत्त्व येथे रुजले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून शिकून पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या गोदूबाई, किंवा रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनातून शिक्षिका आणि परिचारिका होऊन बाहेर पडलेल्या स्त्रिया, या सर्वांनी वयाच्या रूढ मर्यादेबाहेर जाऊन शिक्षण घेतले आणि त्या शिक्षणावर स्वतःचा निर्वाह उभा केला. व्यवसायासाठी प्रौढपणी शिकणे हा महाराष्ट्रातील संघटित प्रयोग प्रथम स्त्रियांच्या बाबतीत झाला, ही गोष्ट आजच्या चर्चेत सहसा विसरली जाते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना लंडनचे अध्ययन अर्धवट सोडून परतावे लागले; परंतु चार वर्षांच्या आत परत येऊन ते पूर्ण करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती, आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा साठवून, काही स्नेह्यांचे साहाय्य घेऊन १९२० मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पुन्हा विद्यार्थी झाले. खंड पडलेल्या विद्यार्थ्यासाठी जागा राखून ठेवणारा एक साधा प्रशासकीय हुकूम केवढे परिणाम घडवू शकतो, हे सांगण्यास याहून मोठा दाखला नाही. स्वतः आंबेडकरांनी तो अनुभव संस्थेत उतरविला : पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना कचेरीत जाण्यापूर्वी शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरविण्यात आले.

त्यानंतरचा टप्पा दूरस्थ शिक्षणाचा. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद, आणि बारावी न झालेल्या प्रौढासही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीच्या वर्गात येता यावे ही त्याची मूळ भूमिका. गिरणी कामगार, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, कारकून अशा असंख्य लोकांच्या नावापुढे पदवी लागली ती या वाटेने.

वयाची अट : मिटलेला वाद आणि उरलेला

प्रवेशासाठी कमाल वयाची मर्यादा असावी काय, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना आणि सर्वांत तापलेला वाद. मर्यादेचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, व्यावसायिक शिक्षणाच्या जागा मोजक्या आहेत, त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो, आणि ज्याच्यापुढे चाळीस वर्षांची सेवा आहे अशा तरुणास ती जागा मिळणे समाजाच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे. विरोधी पक्षाचे म्हणणे असे की, गुणवत्तेच्या परीक्षेत उतरलेल्या माणसाला केवळ जन्मतारखेवरून मागे सारणे हा समान संधीच्या तत्त्वाचा भंग आहे; शिवाय जीवनाचा अनुभव वकिली, अध्यापन किंवा रुग्णसेवा यांसारख्या व्यवसायांत भांडवलच ठरतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच निर्णय हेलकावत राहिले.

विधिशिक्षणाचे उदाहरण पाहावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास ३० वर्षे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास २० वर्षे अशी कमाल मर्यादा होती. २०१३ मध्ये ती मागे घेण्यात आली, २०१६ मध्ये पुन्हा लादण्यात आली, आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सनदेच्या बाबतीत तर न्यायालयाने त्याआधीच, १९९५ मध्ये, ४५ वर्षांवरील व्यक्तीस वकील म्हणून नाव नोंदविण्यास मनाई करणारा नियम रद्दबातल ठरविला होता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील कमाल वयाची अट राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. परिचर्येच्या पदविकेस मात्र ३५ वर्षांची मर्यादा भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत आहे, आणि ज्या व्यवसायाकडे गावातील मध्यमवयीन स्त्रियांचा ओढा स्वाभाविकपणे असावा त्याच व्यवसायाच्या दारावर ही अर्गळा असावी, हे आम्हांस खटकते.

एकंदरीत पाहता प्रवेशाच्या पायरीवर वयाचा प्रश्न आज बहुतांशी सुटला आहे. तो नाहीसा झाला नाही. तो पुढे सरकून नोकरीच्या पायरीवर जाऊन बसला आहे. राज्य शासनाच्या सेवेत सरळ भरतीची कमाल मर्यादा २०१६ च्या निर्णयानुसार खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ वर्षे आहे. चाळिसाव्या वर्षी शिक्षणशास्त्राच्या पदवीस खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्यास कोणी अडविणार नाही, मात्र पदवी हाती पडेल तेव्हा शासकीय शाळेतील भरतीचा दरवाजा त्याच्यापुरता केव्हाच मिटलेला असेल. घणसोलीसारख्या गावात याला एक महत्त्वाचा अपवाद लागू पडतो : प्रकल्पग्रस्त उमेदवारास ४५ वर्षांपर्यंत सवलत आणि ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ज्यांच्या घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे त्यांनी व्यवसायांतराचा विचार करताना हा आकडा प्रथम ध्यानात घ्यावा.

अर्जाची कागदोपत्री वाट

चर्चासत्रांत फारसा न येणारा, पण प्रत्यक्षात सर्वाधिक अर्जदारांना थकविणारा भाग म्हणजे दाखल्यांची जुळवाजुळव. अठरा वर्षांच्या मुलाचे सर्व कागद एका फायलीत असतात. अडतिसाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याचे कागद अर्ध्या आयुष्यात विखुरलेले असतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पूर्वीच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला, आणि मधल्या वर्षांत आपण अन्यत्र कोठेही प्रवेश घेतला नव्हता असे सांगणारे खंडाचे शपथपत्र, ज्याला महाविद्यालयांच्या खिडकीवर सर्वजण ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात, एवढा संच तर किमान हवाच.

आगरी समाज राज्याच्या यादीत इतर मागासवर्गात येतो; राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश हवा असल्यास जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची भर पडते. इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. ज्या कुटुंबांच्या सातबाऱ्यावरील नावे भूसंपादनानंतर उतरली, त्यांना जुने फेरफार, आजोबांच्या शाळेतील दाखलखारिज नोंदवहीचा उतारा, गाव नमुन्यातील जन्म-मृत्यूची नोंद असे कागद तहसील कचेरीच्या आणि शाळेच्या दफ्तरांतून काढावे लागतात. ज्या जमिनीने पूर्वजांना अन्न दिले तिची जुनी नोंद आता नातवंडांच्या, आणि कधी स्वतः मुलाबाळांच्या आईबापांच्या, प्रवेश-अर्जास जोडावी लागते.

विवाहित स्त्रीची वाट याहून बिकट. जात जन्माने ठरत असल्यामुळे तिचा पुरावा वडिलांच्या बाजूचा लागतो. माहेर उरणचे किंवा अलिबागचे असेल तर दफ्तरेही तिकडची. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधारपत्र सासरच्या नावाने, आणि दोहोंचा मेळ घालण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी. प्रवेशाच्या वेळापत्रकात कागद सादर करण्यास जी मुदत असते ती तरुण अर्जदाराच्या फायलीकडे पाहून ठरविलेली असते, हे या ठिकाणी स्पष्ट दिसते. नियम कोणालाही वगळत नाही. मुदत मात्र वगळते.

ज्यांचे शालेय शिक्षणच अपुरे राहिले त्यांच्यासाठी खासगीरीत्या परीक्षेस बसण्याचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित वाट आहे, आणि राष्ट्रीय तसेच राज्य मुक्त विद्यालयांचीही सोय आहे. बारावी टाळून मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या मार्गाने थेट पदवी मिळवावी की आधी रीतसर बारावी करावी, हा प्रश्न अनेकांना किरकोळ वाटतो. तो तसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या अण्णामलई विद्यापीठाच्या प्रकरणात पायाभूत अर्हतेवाचून मुक्त विद्यापीठातून मिळविलेल्या उच्च पदवीस मान्यता नाकारली, आणि बार कौन्सिलच्या नियमांनुसार मूलभूत अर्हता नसताना मुक्त पद्धतीने थेट पदवी घेतलेल्या व्यक्तीस विधीच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळत नाही. जिने एका घरात ज्ञानाची गंगा आणली तीच पदवी दुसऱ्या व्यवसायाच्या दारात नामंजूर होते. ही विसंगती दूर व्हावी असे अनेक शिक्षणतज्ज्ञांचे मत आहे. शालेय पाया कच्चा असलेल्यास व्यावसायिक शिक्षण पेलणार नाही, ही नियामकांची शंकाही अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मुक्त शिक्षण की वर्गातील हजेरी

कागद जुळले तरी पुढचा पेच राहतो : नोकरी न सोडता शिकावयाचे कसे? येथे दोन विचारप्रवाह आहेत.

पहिल्याच्या मते प्रौढ विद्यार्थ्याचे खरे विद्यापीठ मुक्त आणि दूरस्थ हेच. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशातील सुमारे ४ कोटी १४ लाख नोंदणींपैकी सुमारे ४५ लाख ७१ हजार दूरस्थ पद्धतीच्या होत्या, म्हणजे नऊ विद्यार्थ्यांमागे एक. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षी एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये वर्षातून दोनदा प्रवेश देण्याची परवानगी विद्यापीठांना देण्यात आली. पाळीचे वेळापत्रक हाती नसलेल्या माणसाला एवढी लवचिकता अन्यत्र मिळणार नाही.

दुसऱ्या प्रवाहाचे उत्तर असे की, व्यवसाय बदलण्यासाठी ज्या पदव्यांचा खरोखर उपयोग होतो त्याच नेमक्या दूरस्थ पद्धतीने मिळत नाहीत. वैद्यक, परिचर्या, अभियांत्रिकी, विधी, वास्तुशास्त्र हे विषय त्या पद्धतीबाहेर ठेवलेले आहेत. अभियांत्रिकीच्या दूरस्थ पदव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घेतलेली कठोर भूमिका सर्वश्रुत आहे. कला किंवा वाणिज्य शाखेची दूरस्थ पदवी बढतीस किंवा स्पर्धा परीक्षेच्या अर्हतेस पुरते, परंतु निराळ्या व्यवसायात पाऊल ठेवण्यास तेवढी बहुधा पुरत नाही. आणि नियमित अभ्यासक्रम म्हटला की हजेरी आली.

विधीच्या अभ्यासक्रमाचाच विचार करू, कारण घणसोली परिसरात त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. १९८४ च्या जानेवारीत जासई येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी केलेल्या आणि पाच हुतात्म्यांचे बलिदान पाहिलेल्या आंदोलनातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. तिच्या पात्रतेचे, वारसांच्या हिश्शांचे आणि गावठाणातील गरजेपोटी बांधलेल्या घरांचे वाद आजही घराघरांत आहेत. ज्याने आपल्या वडिलांचे प्रकरण घेऊन सिडकोच्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, त्याला चाळिशीत स्वतः वकील व्हावेसे वाटले तर त्या इच्छेमागे अनुभवाचे मोठे बळ असते. ठाण्याचे विधी महाविद्यालय घणसोलीहून लोकलच्या प्रवासाने दूर नाही. परंतु पदवीपरीक्षेत खुल्या प्रवर्गास ४५ टक्क्यांची अट आहे; विसाव्या वर्षी, घरच्या ओढाताणीत, ४४ टक्क्यांवर पदवी मिळविलेल्या माणसाने नंतर आयुष्यात काहीही सिद्ध केले तरी तो आकडा बदलत नाही. सामाईक प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रत्येक विषयात सत्तर टक्के हजेरी. आणि बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांकडून नोकरीविषयी प्रतिज्ञापन आणि, नोकरी असल्यास, मालकाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागण्यास महाविद्यालयांना सांगितले आहे.

कौन्सिलची बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. कागदावर हजेरी दाखवून मिळविलेल्या पदव्यांमुळे वकिलीचा दर्जा घसरल्याची तक्रार न्यायाधीशांनीही वेळोवेळी केली आहे. तथापि ज्याला बाजारपेठेत पहाटे ओझे उचलावयाचे आहे, किंवा अमेरिकेतील ग्राहकाच्या वेळेप्रमाणे रात्र जागावयाची आहे, त्याच्यासाठी प्रामाणिक हजेरीची सोयीस्कर वेळ कोणती, हे कोणीच ठरविलेले नाही. सिद्धार्थ महाविद्यालयाने हा प्रश्न सकाळच्या वर्गांनी सोडविला होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी पदविका आणि पदवी अभियांत्रिकीचे वर्ग त्यांच्या सोयीच्या वेळी चालविण्यास महाविद्यालयांना परवानगी दिली, हे त्याच दिशेचे पाऊल होय. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी आणि नेरूळ येथे अभियांत्रिकी महाविद्यालये असल्याने या भागात त्या परवानगीचा उपयोग होऊ शकतो; मात्र परवानगी ही सक्ती नव्हे, आणि संध्याकाळचे वर्ग चालविण्याचा खर्च व अध्यापकांची उपलब्धता पाहूनच प्रत्येक संस्था निर्णय घेणार.

पदवीच हवी काय?

काही अभ्यासकांचा आक्षेप याहून मुळाशी जातो. व्यवसाय बदलण्यासाठी तीन वर्षांची पदवी हा महागडा आणि संथ उपाय असून, सहा महिन्यांचे कौशल्य प्रशिक्षण किंवा अनुभवाचे प्रमाणीकरण पुरेसे आहे, असे ते म्हणतात. वीजतंत्री, वातानुकूलन यंत्रांचा कारागीर, रुग्णालयातील साहाय्यक, लेखापालाचा मदतनीस अशा कामांबाबत हे खरे आहे. परंतु सनदी व्यवसायांत त्याचा उपयोग नाही, आणि खासगी नोकरीतही छाननीच्या पहिल्या फेरीत पदवीचा रकाना रिकामा असलेले अर्ज बाजूला पडतात, हा औद्योगिक पट्ट्यातील रोजचा अनुभव आहे. मधला मार्ग राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सुचविला : शिक्षण टप्प्याटप्प्याने घ्यावे, एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोनानंतर पदविका घेऊन बाहेर पडावे, आणि श्रेयांक बँकेत साठविलेले श्रेयांक सात वर्षांच्या आत वापरून परत यावे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने कामाच्या अनुभवासही श्रेयांक देण्याची कल्पना मांडली. संसारी माणसासाठी ही कल्पना उत्तम आहे. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र, वीस वर्षे कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसास रसायनशास्त्राच्या पदवीत किती श्रेयांकांची सूट मिळेल, याचे उत्तर देणारी रूढ पद्धत अद्याप घडलेली नाही.

घर, पैसा आणि वेळ

शुल्कापेक्षा बुडालेला पगार हा प्रौढ विद्यार्थ्याचा मोठा खर्च असतो. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हा निर्णय आगरी समाजातील स्त्रियांच्या दृष्टीने मोलाचा आहे. शैक्षणिक कर्ज स्वतःच्या शिक्षणासाठी घेता येते, विवाहितास जोडीदार सहकर्जदार चालतो, आणि जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. ज्यांना मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढण्याची सवय आहे त्यांना स्वतःसाठी ते काढण्याचा विचारही बहुधा सुचत नाही.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडातून किंवा चाळीच्या भाड्यातून आलेला पैसा गावात आहे, आणि तो कोणावर खर्च करावा याचा निर्णय घरातील वडीलधारे करतात. मुलाच्या इंग्रजी शाळेस तो सहज निघतो. सुनेच्या पदवीस निघतोच असे नाही, आणि निघाला तरी सकाळचा स्वयंपाक, मुलांची शाळा, सासूसासऱ्यांचे औषधपाणी यांतून अभ्यासाचे दोन तास तिला कोण काढून देणार, हा प्रश्न कोणत्याही शासननिर्णयाने सुटणारा नाही. एवढे खरे की ज्या घरांत पती, नणंद किंवा आई यांनी हा भार वाटून घेतला तेथेच स्त्रियांचे प्रौढपणीचे शिक्षण तडीस गेलेले दिसते.

काय अनिर्णित आहे

पहिली उणीव माहितीची. उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण मोजताना कोणत्याही वयाच्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या १८ ते २३ या वयोगटातील लोकसंख्येने भागली जाते. चाळीस वर्षांचा विद्यार्थी त्या भागाकारात वर धरला जातो, खाली नाही. तो शासनाच्या टक्केवारीस हातभार लावतो, पण त्याच्यासारखे किती लोक शिकू इच्छितात याचा विचार त्या टक्केवारीत कोठेच होत नाही. मागणीच मोजली नाही तर संध्याकाळच्या वर्गांचे नियोजन कशाच्या आधारावर करावयाचे?

दुसरा प्रश्न, जुन्या गुणांचे काय करावे. पंधरा वर्षांपूर्वीची टक्केवारी आजच्या पात्रतेचा पुरावा मानावी, की प्रवेशपरीक्षेत आज मिळविलेले गुण पुरेसे मानावेत? नियामक पहिल्या बाजूस झुकतात. आमचे मत दुसऱ्या बाजूस आहे, कारण सामाईक परीक्षेचा हेतूच सर्वांना एका मापाने मोजण्याचा आहे, आणि ती उत्तीर्ण झालेल्याला पुन्हा तारुण्यातील गुणपत्रिका दाखविण्यास सांगणे त्या हेतूशी विसंगत आहे. तिसरा प्रश्न भरतीच्या वयाचा : प्रवेशावरील मर्यादा उठली आणि सेवेवरील राहिली, तर राज्य स्वतःच्याच पैशाने शिकविलेल्या पदवीधरास स्वतःच नाकारते. यावर निवृत्तिवेतनाचा भार आणि सेवेचा कालावधी हे शासनाचे युक्तिवाद आहेत. त्यांचे वजन मान्य करूनही, शिक्षक आणि परिचारिका यांच्या पदांपुरता त्यांचा फेरविचार व्हावा असे आम्हांस वाटते.

आज घणसोलीत राहून व्यवसाय बदलू पाहणाऱ्या वाचकास एवढेच सांगणे : अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी ज्या व्यवसायात जावयाचे आहे त्याच्या सनदेचे किंवा भरतीचे नियम वाचावेत, बारावी अपुरी असेल तर ती रीतसर पुरी करावी, आणि जात वैधतेचा व नावबदलाचा अर्ज प्रवेशपरीक्षेच्या किमान एक वर्ष आधी दाखल करावा. आणि ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांस विनंती अशी की, नोकरदारांच्या वर्गांची जी परवानगी आता मिळाली आहे तिचा उपयोग त्यांनी करावा, आणि त्या वर्गांची वेळ ठरविण्यापूर्वी कारखान्यांच्या, बाजारपेठेच्या आणि संगणक संकुलांच्या पाळ्यांचे वेळापत्रक मागवून घ्यावे.